लिव्हरपूलचें हाडवैद्य घराणें

श्रोतेहो, हाड मोडणें ही गोष्ट मनुष्यजातीइतकीच जुनी आहे. राजवाड्याच्या जिन्यावरून पाय घसरला काय किंवा शेताच्या बांधावरून घसरला काय, हाडाला त्याचा भेद कळत नाहीं. मोडलेलें हाड पुन्हां जागेवर बसविणारा मनुष्यहि तितकाच जुना. आपल्याकडे त्यास हाडवैद्य म्हणतात. इंग्लंडांत व वेल्समध्येंहि असे लोक होते. त्यांच्याजवळ पदवी नसे, पुस्तक नसे. बापाकडून मुलाकडे आलेलें हातचें कसब तेवढें असे. पदवीधर डॉक्टर त्यांना भोंदू म्हणत, आणि रुग्ण मात्र डॉक्टरांचें दार चुकवून त्यांच्याच दारीं जात. आज मी जी हकीकत सांगणार आहें ती अशाच एका घराण्याची आहे. त्याच्या चौथ्या पिढींतील एका पुरुषानें एक लोखंडी कडें व दोन लोखंडी गज यांपासून एक साधन बनविलें. चाळीस वर्षें बहुतेकांनीं त्याकडे पाठ फिरविली. आणि पुढें महायुद्धाच्या रणांगणावर त्याच साधनानें कित्येक सैनिकांचे प्राण वांचविले.

हकीकतीकडे वळण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मोडलेलें हाड वैद्य जोडीत नाहीं. तें आपलें आपणच जुळतें. मोडल्या जागीं प्रथम रक्त गोठतें, मग तेथें मऊ गांठ धरते, आणि कांहीं आठवड्यांनीं ती गांठ कठीण होऊन नवें हाड तयार होतें. वैद्याचें काम एवढेंच कीं, दोन्ही टोंकें समोरासमोर आणावीं आणि निसर्गाचें काम पुरें होईपर्यंत तीं हलूं देऊं नयेत. हें मर्म आपल्या प्राचीनांना चांगलें ठाऊक होतें. सुश्रुतसंहितेंत हाड मोडण्याचे बारा व सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. मोह, उंबर, पिंपळ, पळस, वड इत्यादि वृक्षांच्या सालींच्या आधारपट्ट्या बांधाव्या, मांडी किंवा पाय मोडला असतां रुग्णास फळीवर निजवून पांच खुंट्यांच्या साहाय्यानें निश्चल ठेवावें, असा विधि तेथें आहे. त्याच ठिकाणीं एक इशाराहि आहे. बंध सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाहीं, आणि फार घट्ट झाला तर सूज, वेदना व पाक हीं उत्पन्न होतात. हा इशारा श्रोत्यांनीं मनांत ठेवावा. शेवटीं मला त्याची गरज पडणार आहे.

आतां मूळ कथेकडे येऊं. वेल्सच्या वायव्येस अँगलसी नांवाचें बेट आहे. इ. स. १७४५ च्या सुमारास त्या बेटाजवळच्या खडकांवर वादळांत एक जहाज फुटलें व दोन लहान मुलगे वांचून किनाऱ्यास लागले, अशी तिकडील परंपरागत कथा आहे. त्यांपैकीं एक लवकरच वारला. दुसऱ्यास ना इंग्रजी येई, ना वेल्श. तो कोणत्या देशचा हें कोणास कळलें नाहीं. पुष्कळ लोक त्यास स्पेनचा समजत. गांवकऱ्यांनीं त्याचें नांव इव्हान टॉमस असें ठेवलें. हा पोरका मुलगा जखमी पशुपक्ष्यांचीं हाडें लीलेनें बसवी, असें सांगतात. पुढें तो माणसांचींहि बसवूं लागला व बेटावर त्याची कीर्ति झाली. १८१४ मध्यें तो वारला. तेथील देवळांत त्याच्या नांवाची स्मृतिशिला आहे. ज्याच्या आईबापांचें नांव कोणास ठाऊक नव्हतें, त्याचें नांव लोकांनीं दगडावर कोरून ठेवलें.

त्याचें कसब मुलाकडे व मुलाकडून नातवाकडे गेलें. नातवाचेंहि नांव इव्हानच. हा लिव्हरपूल शहरीं आला. लिव्हरपूल म्हणजे गोद्यांचें शहर. जहाजावरून पडणारे खलाशी, गासड्यांखालीं सांपडणारे हमाल, ओतशाळेंतील मजूर यांना तेथें तोटा नव्हता. इव्हानचा धंदा जोरांत चालला, आणि तो जसजसा चालला तसतसा शहरांतील डॉक्टरांचा रोष वाढला. त्याच्यावर वेळोवेळीं फिर्यादी झाल्या. तो बहुतेक वेळां निर्दोष सुटे, व त्याचे रुग्ण आनंदोत्सव करीत. परंतु प्रत्येक फिर्यादीनें त्याच्या मनाला एक डंख बसे. आपल्या मुलांच्या वांट्यास हा अपमान येऊं नये म्हणून त्यानें निश्चय केला आणि आपल्या पांचहि मुलांना रीतसर डॉक्टर केलें. हाडवैद्यानें आपला वारसा वैद्यकशास्त्राच्या ओटींत घातला तो असा. माझ्या मतें या साऱ्या इतिहासांतील हा सर्वांत मोलाचा क्षण होय.

त्या पांचांतील थोरला मुलगा म्हणजे ह्यू ओवेन टॉमस. याचा जन्म १८३४ सालचा. एडिंबरो व लंडन येथें शिकून तो १८५७ मध्यें परीक्षा उत्तीर्ण झाला. कांहीं काळ पॅरिसच्या रुग्णालयांतहि त्यानें काम पाहिलें. मग परत येऊन तो बापाच्या हाताखालीं काम करूं लागला. पण दोघेहि हेकट, त्यामुळें जमलें नाहीं. अखेर नेल्सन रस्त्यावर त्यानें स्वतंत्र घर थाटलें. मूर्ति लहान, प्रकृति नाजूक. अंगांत गळ्यापर्यंत बटणें लावलेला काळा कोट, डोक्यावर खलाशाची पुढें झुकलेली टोपी, तोंडांत सिगरेट. लहानपणीं दगड लागून एका डोळ्याच्या पापणीस इजा झाली होती, ती झांकण्यासाठीं टोपी त्या बाजूस ओढलेली. पहाटेच तो आपल्या गाडींतून गोदीच्या वस्तींत रुग्ण पाहण्यास निघे. घराच्या आवारांतच लोहार व चामड्याचें काम करणारे कारागीर बसविलेले होते. रुग्ण येईल त्याच्या मापाचें साधन तेथल्या तेथें घडविलें जाई. दर रविवारीं गरिबांना तो फुकट तपाशी, आणि त्या दिवशीं नेल्सन रस्त्यावर लंगड्या-पांगळ्यांची रीघ लागे.

त्या काळीं सांध्याच्या क्षयानें मुलांचे गुडघे व खुबे सडत. पुष्कळ शस्त्रवैद्य तो सांधा कापून काढीत किंवा पायच तोडीत. टॉमसचें म्हणणें निराळें होतें. सांध्याला पूर्ण, अखंड व दीर्घ काळ विश्रांति द्या, म्हणजे निसर्ग त्यास बरें करील, असें तो सांगे. ही विश्रांति नुसत्या उपदेशानें मिळत नाहीं. साधनानें सक्तीनें द्यावी लागते. म्हणून गुडघ्यासाठीं त्यानें एक साधन योजिलें व १८७५ मध्यें आपल्या ग्रंथांत प्रसिद्ध केलें. त्यासच पुढें टॉमस स्प्लिंट हें नांव पडलें. चामड्यानें मढविलेलें एक कडें मांडीच्या मुळाशीं चढवून बैठकीच्या हाडाला टेकवावयाचें. त्या कड्यापासून दोन गज पायाच्या दोहों बाजूंनीं खालीं जाऊन तळव्याच्या पलीकडे एकमेकांस मिळतात. पाय खालीं ओढून त्या टोंकाशीं बांधला कीं वरून कडें रेटतें, खालून बंध ओढतो, आणि मधला भाग निश्चल होतो. गांवचा लोहार घडवूं शकेल अशी ही वस्तु!

परंतु तिचें चीज झालें नाहीं. याचा सगळा दोष इतरांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. टॉमस कोणत्याहि मोठ्या रुग्णालयांत अधिकारावर नव्हता, लंडनपासून दूर होता, आणि त्याची लेखणी तिखट होती. ज्यांची मनें वळवावयाचीं त्यांनाच तो ओरबाडी. पण हाडवैद्याचा मुलगा म्हणूनहि त्याच्याकडे तिरकस दृष्टीनें पाहिलें जाई, हेंहि खरें. वास्तविक सर जेम्स पॅजेट यांच्यासारख्या नामांकित शस्त्रवैद्यानें १८६७ मध्यें एका व्याख्यानांत डॉक्टरांना बजावलें होतें कीं, हाडवैद्य ज्या रुग्णांना बरे करतात ते तुमच्या हातून कां राहतात याचा विचार करा; त्यांच्यांतील चांगलें घ्या, वाईट टाळा. असा उदार कान फार थोड्यांना होता. १८९१ मध्यें, वयाच्या छपन्नाव्या वर्षीं, टॉमस वारला. प्रेतयात्रेस शहरांतील हजारों श्रमजीवी लोक लोटले. पण त्याचें साधन बव्हंशीं लिव्हरपूलच्या भोंवतींच राहिलें.

तें तेथेंच राहिलें असतें. पण टॉमसला एक शिष्य होता. त्याच्या बायकोचा भाचा रॉबर्ट जोन्स हा सोळाव्या वर्षीं, १८७३ मध्यें, त्याच्या घरीं राहण्यास आला. टॉमसला मूलबाळ नव्हतें. हा मुलगा त्या घरचाच झाला. आत्याच्या यजमानांची विद्या त्यानें घेतली. त्यांची कडवट जीभ मात्र घेतली नाहीं. स्वभावानें तो इतका गोड होता कीं, शत्रु म्हणून कोणी त्यास मिळालाच नाहीं. १८८८ मध्यें मँचेस्टरचा जहाजी कालवा खणण्याचें प्रचंड काम चाललें होतें. छत्तीस मैलांच्या त्या कामावर हजारों मजूर खपत होते आणि रोज कोणाचा ना कोणाचा हातपाय मोडत होता. तेथील वैद्यकीय व्यवस्था जोन्सकडे आली. त्यानें कालव्याच्या कडेनें ठिकठिकाणीं प्रथमोपचाराचीं ठाणीं व तीन रुग्णालयें उभारलीं. जखमी मनुष्य पडल्या जागीं नीट बांधून मगच हालवावयाचा, हा त्याचा नियम. अपघातांसाठीं अशी जोडलेली सांखळी पूर्वीं क्वचितच कोणी पाहिली होती. १८९६ मध्यें क्ष-किरणांचा शोध ताजा असतांनाच, ऑलिव्हर लॉज या शास्त्रज्ञाच्या साहाय्यानें त्यानें एका मुलाच्या मनगटांत रुतलेली बंदुकीची गोळी त्या किरणांनीं पाहिली.

याच सुमारास त्याला एक विलक्षण सहकारी मिळाली. ॲग्नेस हंट ही स्वतः खुब्याच्या दुखण्यानें लहानपणापासून पंगु होती. कुबड्यांच्या आधारानें ती परिचारिका झाली. १९०० मध्यें तिनें श्रॉपशर प्रांतांत बॅस्चर्च या खेड्यांत अपंग मुलांसाठीं एक घर उघडलें. घर लहान, जिना अवघड; म्हणून मुलांना बाहेर उघड्या पडवींत ठेवावें लागलें, आणि मोकळ्या हवेंत मुलें सुधारतात असें दिसून आलें. अडचणींतूनच पद्धति निघाली. तिनें आधीं स्वतःची प्रकृति जोन्सला दाखविली होती. मग तो नियमानें तेथें येऊन शस्त्रक्रिया करूं लागला. ज्यानें वेदना भोगिली आहे त्याच्या शुश्रूषेंत एक निराळाच जिव्हाळा असतो. या संस्थेंतूनच पुढें ऑस्वेस्ट्री येथील प्रसिद्ध अस्थिरुग्णालय वाढलें.

१९१४ मध्यें महायुद्ध पेटलें. मांडीचें हाड हें शरीरांतील सर्वांत लांब व बळकट हाड. त्याभोंवतालचे स्नायूहि तसेच बळकट. तें गोळीनें फुटलें कीं स्नायू आंखडतात, तुटलेलीं टोंकें एकमेकांवर चढतात, आणि डोली हेलकावे खाईल तसतशीं तीं मांस व रक्तवाहिन्या फाडीत जातात. बाहेर थेंब न दिसतां मांडीच्या आंत लिटरभर किंवा त्याहूनहि अधिक रक्त सांचूं शकतें. युद्धाच्या पहिल्या वर्षांत असा सैनिक लांकडी पट्टीला, कधीं बंदुकीलाच पाय बांधून मागें धाडला जाई, आणि रुग्णालयाच्या दारीं पोंचेपर्यंत त्याचा प्राण कासावीस झालेला असे. असे बरेच सैनिक मृत्युमुखीं पडत. जोन्सनें सेनाधिकाऱ्यांस आग्रहानें सांगितलें कीं, टॉमसचें कडें व गज हीं थेट आघाडीवर न्या. १९१६ व १९१७ मध्यें तसें झालें. डोली वाहणाऱ्या शिपायांकडून त्याची कवाईत करून घेण्यांत आली. डोळ्यांवर पट्टी बांधूनहि त्यांना तें चढवितां यावें, अशी ती कवाईत होती, कारण खरें काम रात्रीच्या काळोखांत व चिखलांत करावयाचें असे. पायांतील बूटहि न काढतां पाय ओढून बांधीत आणि मगच डोली उचलीत. मँचेस्टरच्या कालव्यावरील तोच नियम!

या सुधारणेविषयीं पुस्तकांतून एक आंकडा वारंवार छापला जातो. मांडीच्या उघड्या अस्थिभंगांत आरंभीं शंभरांतील ऐंशीं सैनिक मरत, असें सांगतात. पुढील संशोधकांनीं या आंकड्याच्या आधाराविषयीं शंका घेतली आहे. १९१७ मधील आर्रासच्या लढाईच्या वेळचा हिशेब मात्र शस्त्रवैद्य हेन्री ग्रे यांनीं दिला आहे. हजाराहून थोड्या अधिक रुग्णांत मृत्यूचें प्रमाण सुमारें सोळा टक्के होतें. याचें सारें श्रेय एकट्या कड्यास देणेंहि बरोबर नाहीं. जखम लवकर उघडून मेलेलें मांस कापून काढणें, रक्त देणें, शस्त्रवैद्यांना आघाडीच्या जवळ आणणें या गोष्टीहि त्याच काळांत सुधारल्या. तरी पण हादरे खात आलेला मनुष्य शस्त्रवैद्याच्या मेजापर्यंत जिवंत पोंचला पाहिजे, ही पहिली पायरी. आणि ती त्या लोखंडी गजांनीं बांधली.

जोन्सची नजर याहि पलीकडे होती. हाड जुळलें म्हणजे मनुष्य बरा झाला असें तो मानीत नसे. तो पुन्हां कामास लागला म्हणजे बरा झाला. १९१५ मध्यें लिव्हरपूलजवळ ऑल्डर हे येथें व १९१६ मध्यें लंडनच्या शेपर्ड्स बुश येथें त्यानें सैनिकांसाठीं जीं अस्थिरुग्णालयें चालविलीं, त्यांत सुतारकाम, शिवणकाम इत्यादींचे कारखाने होते. आंखडलेला हात रंध्यावर चालवून मोकळा करावयाचा, आणि त्याबरोबर पोटाचा धंदाहि शिकावयाचा. हाच विचार त्या युद्धांत आपल्या देशींहि आला. १९१७ मध्यें लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानें मुंबईस अपंग हिंदी सैनिकांसाठीं राणी मेरीच्या नांवाची उद्योगशाळा निघाली. पुढें ती पुण्याजवळ खडकीस नेण्यांत आली. दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ मध्यें, पुण्यासच लष्कराचें कृत्रिम अवयवांचें केंद्र स्थापन झालें. या दोन्ही संस्था आजहि चालू आहेत.

यानंतर शस्त्रविद्या फार पुढें गेली. मांडीच्या हाडाच्या पोकळींत धातूची लांब सळई घालून तें आंतूनच सांधण्याची रीति जर्मन शस्त्रवैद्य क्युंटशर यानें १९४० मध्यें मांडली, आणि ज्या रुग्णास महिनेच्या महिने खाटेवर काढावे लागत तो कांहीं दिवसांत उभा राहूं लागला. टॉमसचें कडें आतां मुख्यतः रुग्णास हालवितांना व शस्त्रक्रियेपूर्वीं कामीं येतें.

आतां, श्रोतेहो, एक गोष्ट माझ्या आयुष्यांतील सांगतों व पुरें करतों. मी एका तालुक्याच्या गांवीं शिक्षक होतों. मधल्या सुटींत माझ्या वर्गांतील एक मुलगा शाळेजवळच्या चिंचेवरून पडला व त्याचा उजवा हात कोपराजवळ मोडला. पंचक्रोशींत नांवाजलेले एक वृद्ध हाडवैद्य होते. कोणाकडून एक पैसा न घेणारे सत्पुरुष. त्यांनीं हाड बसविलें, लेप लावला, कामट्या ठेवून कापड आवळून बांधलें. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं मी समाचारास गेलों. मुलगा रडत होता. मला म्हणाला, "मास्तर, बोटं माझी वाटत नाहींत." मीं त्याच्या पाठीवरून हात फिरविला आणि म्हटलें, "सोस जरा, बाळ. हाड बसतांना दुखायचंच." मी शिक्षक, माझ्या शब्दावर घरच्यांचा विश्वास. त्यांनीं बंध सोडला नाहीं. तिसऱ्या दिवशीं बोटें निळसर व थंड झालीं तेव्हां आम्ही त्यास गाडींत घालून जिल्ह्याच्या गांवीं नेलें. हाड सुरेख जुळलें. पण बोटें पक्ष्याच्या नखांसारखीं आंत वळलीं तीं कायमचीं. पुढें तो डाव्या हातानें लिहावयास शिकला, आणि त्याचें अक्षर वर्गांत सर्वांत चांगलें होतें. तें पाहून मला आनंद होत नसे.

कैक वर्षांनीं मला वाचनांत आढळलें कीं, ही विकृति जर्मन शस्त्रवैद्य फोल्कमान यानें १८८१ मध्येंच वर्णिली होती. बंध आवळला किंवा आंत सूज चढली म्हणजे स्नायूंचें रक्त तुटतें, आणि कांहीं तासांत ते मरतात. आणि सुश्रुताचा इशारा तर त्याहूनहि कितीतरी शतकें जुना. ज्ञान होतें, तें कपाटांत होतें. कसब होतें; तें त्या वृद्धाच्या बोटांत होतें. दोहोंची गांठ पडली नव्हती. त्या वृद्धाला मी दोष देत नाहीं. त्याला कोणी सांगितलें नव्हतें. आणि मला तर मुलगा स्वतःच सांगत होता.

म्हणून लिव्हरपूलच्या त्या निरक्षर म्हणविल्या गेलेल्या घराण्याची मला वारंवार आठवण होते. इव्हान टॉमसनें डॉक्टरांचा राग मनांत धरला असता तर आपलीं मुलें त्यांच्या शाळेंत धाडलीं नसतीं. त्यानें धाडलीं, म्हणून बेटावरच्या पोरक्या मुलाचें कसब पुस्तकांत गेलें आणि पुस्तकांतून रणांगणावर पोंचलें.

आपल्या घरीं कोणाचें हाड मोडलें तर लवकर रुग्णालय गांठावें, हें सांगावयास नकोच. पण कामट्या असोत, प्लॅस्टर असो, कीं आणखी कांहीं असो, बांधल्यानंतर पुढील दोन दिवस बोटांकडे दर कांहीं वेळानें पाहात जावें. तीं गार लागतात काय, निळीं किंवा पांढरीं दिसतात काय, बधिर झालीं आहेत काय, हलवितांना किंवा दुसऱ्यानें ताणतांना असह्य वेदना होतात काय? यांतील एक गोष्ट जरी दिसली तरी सकाळची वाट पाहूं नये. त्याच घटकेस डॉक्टरांकडे जाऊन बंध मोकळा करवून घ्यावा. आणि मूल दुखतें म्हणून सांगूं लागलें तर त्याला धीर देण्याच्या आधीं त्याच्या बोटांना हात लावून पाहावा.